मोझेलताईच्या मलिद्याची पहिली मूठ

आमच्या एलियाहू हन्नबी संदेष्ट्याची शपथ, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणजे, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पण शपथ घेतली ती घेतली.

इस्रायलात नेगेवच्या वाळवंटी माळावर आमच्या कोकणातल्या यहुदी माणसांना तंबू देऊन उतरवलं, त्या पहिल्याच वर्षी माझी चार वर्षांची बहीण मोझेल वाळूच्या वादळात हरवली आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर एका पिकल्या केसांच्या माणसाने तिला खांद्यावर बसवून परत आणलं. आईने दिलेलं पाणी तो प्यायला आणि तंबूंमधून चालत दिसेनासा झाला. तेव्हापासून दरसाल त्याच दिवशी आमच्या अंगणात मलिदा होतो. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर. संत्र्यांच्या बागा, शाळा, नातवंडं, सगळ्याबद्दल वस्ती देवाचे आभार मानते. त्या माणसाचे तेवढे राहून गेले, कारण तो कोण हेच कुणाला ठाऊक नाही.

यंदा ताईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. "त्याआधी मला त्याचे आभार मानायचेत," एवढंच ती म्हणाली. म्हणून मलिद्याच्या दुपारी मी म्हाताऱ्यांना विचारलं, तो माणूस कोण होता.

"तो? दिवेकरांकडचा पाहुणा," सॅमसनकाका पेणकर म्हणाले.

"आम्हालाच खायला नव्हतं, पाहुणा कुठला?" शेगुल्लामावशी दिवेकर फिस्कारल्या. "तुमच्याच तंबूत झोपायचा!"

"माझ्या तंबूत माझी सासू झोपायची, बाई. तिच्या धाकाने विंचूसुद्धा येत नव्हता."

अंगण हसलं. मग मावशी म्हणाल्या, "बडबड्या होता पण. सारा रस्ता थापा मारत पोरीला आणली, म्हणून रडली नाही ती."

ताई हसत नव्हती. तिने ताटातली पहिली मूठ उचलली आणि माझ्या हातावर ठेवली.

"खा रे. तुझे केस तेवढे पिकायची वाट बघत होते."

"काय बोलतेस, ताई?"

"कोरड्या ओढ्यात बसलेय मी, चार वर्षांची, डाव्या अंगाला," ती अगदी मायेने म्हणाली. "फार उशीर करू नकोस."

मी खाल्लं. शस्त्रक्रिया सुखरूप झाली, ताई पुन्हा अंगणात बसून खजूर निवडते, आणि त्याबद्दल देवाचे उपकार मी रोज मानतो.

आता कबूल करतो, वादळ माझ्या पदरचं आहे. त्या दिवशी लख्ख ऊन होतं, माळावर चहूबाजूंनी कोसभर दिसत होतं, आणि तो माणूस कुठून आला ते कुणीच पाहिलं नाही.