नववी गाडी

"अजून किती वेळ?" मोजणीदारांनी मला विचारलं. खरं तर त्यांना माझ्या भावाला विचारायचं होतं, पण भाऊ गाडीखाली होता आणि त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. पायांना विचारायचा त्यांना धीर झाला नसावा.

"दादा, अरे, ते विचारतायत."

"ऐकतोय," गाडीखालून आवाज आला. "टॉर्च धर इकडं. इकडं म्हणजे माझ्या डोळ्यांत नाही, चासीवर."

मी गुडघ्यावर बसून टॉर्च धरला. पाऊण तास झाला होता. दादा स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं चासी खरवडत होता. जुनी गाडी विकणारे खालून काळा रंग मारून गंज झाकतात, म्हणून तो आधी रंगावरच संशय घेतो. मग छोटी हातोडी घेऊन टकटक करत पुढून मागे गेला. मग मागच्या आसाच्या तेलाचं बूच सैल केलं, एक थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला. गाडी ओढ्यात बुडवलेली असली की हे तेल दुधासारखं पांढुरकं पडतं. हे तेल मधासारखं होतं. मला वरून दिसलं, तरी त्यानं दुसरा थेंब घेतला.

"डॉक्टरनं मला एवढं तपासलं असतं ना," मोजणीदार म्हणाले, "तर माझी मूळव्याध दहा वर्षांपूर्वीच गेली असती."

मी हसले. गाडीखालचा माणूस हसला नाही.

मोजणीदार सरकारी जमीनमोजणीतून निवृत्त झालेले. ही चारही चाकांनी ओढणारी गाडी त्यांनी डोंगरांवर बारा वर्षं चालवलेली, आणि आता गुडघे गेले म्हणून विकायला काढलेली. माझ्या ऐपतीत बसणारी होती. अशा गाड्या वर्षातून दोनतीनदाच निघतात, आणि दुपारी तीन वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. तसं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, आणि ते थाप मारणारे वाटत नव्हते.

मी चष्मे करते. दुकान नाही, ट्रेलर आहे. आत डोळे तपासायची खुर्ची, अक्षरांचा तक्ता, काच घासायचं यंत्र आणि छोटा जनरेटर. खडी फोडणाऱ्यांच्या वस्त्या खाणीच्या वर आहेत, आणि तिथवरचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच, घसरत्या दगडांचा चढ. साध्या गाडीच्या मागच्या चाकांना तिथं पकड मिळत नाही. वर्षभर भाड्याचा ट्रॅक्टर लावला, त्याआधी मिळेल ते. ट्रॅक्टरवाल्यानं खाणीचं मोठं काम घेतलं आणि माझं काम सोडलं. तीन महिने ट्रेलर माझ्या अंगणात उभा होता. मागच्या आठवड्यात वरून एक बाई दोन तास चालत खाली आली, मुठीत फुटक्या चष्म्याच्या काचा धरून. वर माणसं नीट न दिसणाऱ्या डोळ्यांनी सुरुंग भरतात. ज्या कंपनीनं त्यांना चष्मे द्यायचे तिला विचारलं तर म्हणते, तसा नियम नाही.

तर गाडी हवी होती. आणि दादा घेऊ देत नव्हता.

आठ गाड्या झाल्या. पहिलीची चासी मधून जोडलेली होती. दुसरीचा पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच मालकानं काढून ठेवला होता. चार चाकांचा दांडा टाकला की समोर दिवा लागायचा, पण पुढची चाकं नुसती सोबतीला यायची. दादानं पाचव्या मिनिटाला पकडलं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. मग चौथीला म्हणाला, वास येतोय. सहावीला दोन तास घालवून म्हणाला, मन घेत नाही. सातवीचा मालक म्हणे फारच गोड बोलत होता. आठवी मी ओरडून, भांडून बघायला लावली, तर म्हणाला, चारही टायर नवीन का घातलेत, काहीतरी लपवतायत. जुने असते तर जुने का म्हणाला असता.

चार वर्षांपूर्वी असा नव्हता तो. तोंडात लवंग, खांद्यावर फडकं, गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि सांगायचा, घ्या किंवा सोडा. लोक लांबून यायचे. माझा नवरा गेला आणि त्यानं लोकांच्या गाड्या बघणं बंद केलं. आता एका बस कंपनीत पंक्चर काढतो. माझ्यासाठी म्हणून आला होता, तेही मी त्याच्या दारात बसून राहिले म्हणून.

तो बाहेर आला. पाठीला माती, कपाळाला तेल.

"काय मिस्त्री?" मोजणीदार म्हणाले.

"ट्रेलर जोडून चालवून बघू."

गाडी माझ्या अंगणात नेऊन ट्रेलर जोडला. मागच्या दिव्यांची तार लावली. मी चालवायला बसले, दादा शेजारी, मोजणीदार मागे. खाणीच्या रस्त्याला लागेपर्यंत दादाचा हात दाराच्या कडीवर होता. चालत्या गाडीतून उडी मारायची असल्यासारखा.

"थांब इथं," खडी सुरू झाली तिथं तो म्हणाला. "छोटा दांडा टाक."

मोठ्या गिअरच्या शेजारी हा छोटा दांडा असतो. दोन चाकं, मग चार चाकं, मग मधे एक मोकळी जागा, आणि खाली शेवटी चार चाकं सावकाश पण जोरात. ओझं ओढायचं ते या शेवटच्या घरात. मी क्लच दाबला आणि दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा खट्ट करून बसला.

"म्हातारा आहे, पण हट्टी," मागून मोजणीदार म्हणाले. "माझ्यासारखा."

दादा खाली उतरून बाजूला उभा राहिला. मी गाडी चढावर घातली. चाकांखालचे दगड मागे उडाले, गाडी एकदा डाव्या अंगाला कलली, आणि मग कुणी कॉलर धरून उचलावं तशी वर चढली. पुढची चाकं स्वतः ओढत होती, ते मला पावलांत कळत होतं. ट्रेलर मागून मुकाट्यानं आला. वर सपाटीला थांबवली. तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी आरसा पुसला.

दादा धापा टाकत वर आला आणि आत बसला. मी वाट बघत होते.

"नको," तो म्हणाला.

"काय?"

"नको ही. छोटा दांडा सैल आहे."

मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते. ज्या ड्रायव्हरला दिसत नसतं तो तक्ता पाठ करून येतो. अक्षरं बरोबर सांगतो, पण नजर तक्त्यावर नसते, कुठंतरी वर असते. दादा तसं बोलला. काचेतून पलीकडं बघत, पाठ केल्यासारखं.

"सैल? मी दोन्ही हातांनी ओढला, दादा. माझं मनगट दुखतंय अजून."

त्यानं काचेवरची धूळ बोटानं पुसली.

"हात लाव. लाव ना हात त्याला."

त्यानं हात लावला नाही. हात मांडीखाली घातला. पन्नाशीचा माणूस, शाळेत मार चुकवताना करतात तसा.

"हा नाही," तो म्हणाला. "तो."

"कुठला तो?"

"जीपचा."

मागच्या सीटवर मोजणीदार खाकरले. "मी जरा पाय मोकळे करतो," म्हणाले आणि उतरून बरेच लांब गेले. चांगला माणूस.

जीप म्हणजे आमची जीप. दादानंच पास केलेली. माझा नवरा ट्रेलर घेऊन याच रस्त्यानं वर निघाला होता. चढावर थांबला, जीप पहिल्या गिअरात ठेवली, हँडब्रेक ओढला, आणि चाकाला दगड लावायला ट्रेलरच्या मागे गेला. जीप मागे आली. पंचनाम्यात लिहिलं, हँडब्रेक निकामी. पण हँडब्रेकवर कुणीच विसंबत नाही, म्हणून तर गिअरात ठेवतात. मग गिअरानं का धरली नाही, हे मी त्या वेळी चार माणसांना विचारलं. चौघांनी एकच सांगितलं, नशीब.

"हाताला लागलं होतं मला," दादा म्हणाला. "घ्यायच्या आधी. छोट्या दांड्यात खेळ होता. ओझं आलं की मधल्या मोकळ्या जागी सरकणार, आणि तिथं सरकला की मोठा गिअर कुठलाही असो, चाकांशी त्याचा संबंधच उरत नाही. कळत होतं मला. म्हटलं, जुन्या गाडीला असतो थोडा खेळ. पुढच्या महिन्यात खोलून बघू. दाजींना घाई होती. मला पण..."

"तुला काय?"

"जेवायला जायचं होतं."

मी स्टिअरिंग धरून बसले. बाहेर खाणीतून दगड भरलेला ट्रक खाली चालला होता, तो पूर्ण जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघितलं.

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. चार वर्षं मी नशिबाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, आणि नशीब दर रविवारी माझ्याकडे येऊन नळाचे वायसर बदलत होतं, जेवत होतं, माझ्या पोरीला सायकल शिकवत होतं. हे सगळं त्यानं का केलं ते आता कळलं, आणि ते तसं कळलं याचाच जास्त राग आला. नुसता भाऊ म्हणून केलं असतं तर काय बिघडलं असतं.

"चार वर्षं बोलला नाहीस."

"नाही."

"का?"

"तू दार बंद केलं असतंस."

"केलं असतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू.

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी टोचून बोलता आलं असतं. नुसता बसला होता आणि श्वास मोजून घेतल्यासारखा घेत होता.

"हिच्यात काय खोट आहे ते सांग," मी म्हटलं. "या गाडीत."

"नाही काही."

"मग नको का म्हणतोस?"

"सापडत नाहीये म्हणून. काहीतरी असणारच, चिमे. असतंच. मला सापडत नाहीये."

"तेव्हा सापडलं नव्हतं का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. आज पहिल्यांदा.

"तेव्हा तुला सापडलं होतं," मी म्हटलं. "तुझा हात बरोबर होता. तू हाताचं ऐकलं नाहीस. आता हात सांगतोय की काही नाही, तर आत्ताही ऐकत नाहीस. मग माझ्या मागून कशाला फिरतोस? आठ गाड्या. वर माणसं चाचपडतायत आणि तू मला टायरांचं वय ऐकवतोस."

"पुन्हा तसं झालं तर?"

"तर तू सांगितलंस म्हणून झालं, असं मी सगळ्यांना सांगेन. नशीब म्हणणार नाही."

हे बोलले आणि मलाच कसंतरी झालं. पण परत घेतलं नाही.

मी गाडी वळवली, खाली नेली, आणि पुन्हा वर तोंड करून चढाच्या मध्यावर आणली. तीच जागा नव्हती, पण चढ तोच. ब्रेकवर पाय ठेवून गिअर पहिल्यात टाकला, इंजिन बंद केलं.

"इकडं ये. ब्रेकवर पाय ठेव, मग मी माझा काढते."

तो अवघडून मधून सरकला. सीटवर बसला, पाय ठेवला. मी उतरले.

"हँडब्रेक ओढू नकोस," मी खिडकीतून म्हटलं. "पहिला गिअर आहे. छोटा दांडा खाली आहे. मी मागे जाते. मी सांगितलं की ब्रेकवरचा पाय काढायचा."

"चिमे, वेडी झालीस का?"

"तुझा हात काय म्हणतो?"

"अगं, बाजूला उभी राहा ना. बाजूनं पण दिसतं."

"मला बघायचंच नाहीये. तू घे म्हण, मी बाजूला उभी राहते. नको म्हण, मी आत्ता गाडी परत करते, आणि पुन्हा माझ्यासाठी गाडी बघायला येऊ नकोस. दोन्हीतलं काही म्हणवत नसेल तर पाय काढ."

त्यानं ब्रेकवरचा पाय आणखी दाबला.

मोजणीदार लंगडत धावत आले. हातात एक मोठा धोंडा घेतलेला. "ताई, अहो, हा तरी लावू द्या चाकाला. असं कुणी गाडी घेतं का? नका घेऊ, राहू दे, मी काही म्हणत नाही."

"तुम्ही बाजूला थांबा, काका. प्लीज."

ते थांबले. धोंडा खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही, तसाच पोटाशी धरून राहिले.

मी ट्रेलरच्या मागे गेले. पाठीमागे उतार होता, आणि उताराच्या टोकाला खाणीची पांढरी धूळ. ट्रेलरच्या मागच्या पत्र्यावर मी दोन्ही तळहात ठेवले. पत्रा उन्हानं तापला होता. दोन्ही बाजूंचे लाल दिवे पेटलेले होते, म्हणजे त्याचा पाय ब्रेकवर होता.

"काढ," मी म्हटलं.

दिवे तसेच.

मी पुन्हा सांगितलं नाही. पोरगी शाळेतून सव्वाचारला येते, तिच्याकडे किल्ली आहे का, एवढंच डोक्यात आलं. कुठंतरी लांब कुणीतरी घण मारत होतं. मी त्या ठोक्यांकडे लक्ष दिलं. सात झाले. अकरा झाले.

लाल दिवे विझले.

पत्रा एकदा माझ्या हातांवर टेकला, आणि जागच्या जागी राहिला. मी हात काढले नाहीत. पुढं गाडीत काही आवाज नव्हता. दार उघडलं नाही, हँडब्रेक ओढल्याची करकर आली नाही. तो पाय वर धरून बसून होता आणि मी मागे उभी होते, आणि घण मारणाऱ्यानं मधे थोडं थांबून पुन्हा सुरू केलं.