आप्पांना कळलं कसं?

चिकोडी रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे. गुरुवारी दुपारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. चपला हातात घेऊनच आत शिरायचं, कारण बाहेर काढल्या की गेल्या. सगळ्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या आप्पांना चपलाचोर मात्र आजवर ओळखता आलेला नाही.

त्या गुरुवारी आप्पांसमोर आमच्या ऑफिसातले परशराम बसले होते. माल पाठवायच्या विभागात असतात, पन्नाशीचा शांत माणूस. आप्पांनी डोळे मिटले, दोनदा मान डोलवली आणि म्हणाले, "परशराम, अर्ज अर्धाच लिवून ठेवलायस. बेळगावला बदली पायजे, पर सायबाला विचारायचं धाडस हुईना. व्हय का न्हाय?"

परशरामांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आप्पा, बायकोलाबी बोललो न्हवतो वो!"

"लेकराला भूक लागली हे आईला सांगाया लागतंय व्हय? मी तुमची समद्यांची आई हाय."

शेडभर हुंकार उठला. बायकांनी पदर पुढं केले. एवढ्या जाड मिशांची आई मी तरी पहिल्यांदाच बघत होते.

मी पारमिता. निपाणीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची एक कंपनी आहे, तिथं कॉम्प्युटर सांभाळते. देवदेव आमच्या घरात कधी नव्हताच. आई म्हणते, ज्या दिवशी प्रश्न विचारायचं सोडशील त्या दिवशी जेवायला वाढणार नाही. तेव्हा अशा शेडमध्ये मी जाण्याचं कारण नव्हतं. गेले ती दिपालीमुळं. शेजारच्या टेबलावर बसते, सहा वर्षांची मैत्रीण, एकाच डब्यात जेवणाऱ्या आम्ही. गेले दोन महिने ती नीट जेवत नव्हती आणि काय झालंय ते सांगत नव्हती. ‘माझ्यासंगं एकदा आप्पांकडं चल, मग सांगते,’ एवढंच म्हणायची.

परतताना रिक्षात तिनं सांगितलं. डिसेंबरात आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली, हरभऱ्याएवढी. घाबरली. घरी फोन कायम लेकीच्या, आरोहीच्या हातात, म्हणून ऑफिसातच कॉम्प्युटरवर गुपचूप शोधलं. बेळगावच्या डॉक्टरांकडं सुईच्या तपासणीसाठी नंबरही लावला. त्याच आठवड्यात परशरामांनी तिला आप्पांकडं नेलं आणि आप्पा भर गर्दीत म्हणाले, "पोरी, डाव्या अंगाला खडा हाय. कुणाला बोलली न्हाईस. सुई टोचू नको, टोचली की फुटंल आन् अंगभर पसरंल. अकरा गुरुवार अंगारा लाव."

तिनं नंबर रद्द केला. आज आठवा गुरुवार होता.

मी रिक्षात ओरडलेच. "अगं, सुईनं पसरत नाही! उद्याच्या उद्या चल बेळगावला."

"तू ओरडू नगंस," ती म्हणाली. "मी आईला सांगितलं न्हवतं, नवऱ्याला न्हाय, तुला न्हाय. मग त्यांना कळलं कसं? तेवढं सांग. कसं कळलं ते सांगितलंस की त्याच पावली दवाखान्यात येते बघ."

घरी जाऊन रात्रभर डोकं खाजवलं, पण उत्तर काही मिळालं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन आलं. रुक्माबाई आमचं ऑफिस झाडते. मी सहज विचारलं, "तुम्हीपण जाता का हो त्या आप्पांकडं?"

"पाच बार गेलते," ती म्हणाली. "पर मला काय धड सांगत न्हाईत गं. म्हणत्यात, ‘लई सोसलंयस बाई.’ आता ह्या वयात कुणी सोसलं न्हाय? काय सोसलंय ते सांग की! टेम्पोवाल्यांस्नीबी तसंच सांगत्यात. ज्येच्या म्होरं तुजा तो कंपूटर हाय, त्येचंच मन बरं त्यास्नी दिसतंय."

झाडूसकट तिला मिठी मारावीशी वाटली. दोन डिग्र्या घेतलेल्या मला जे सुचलं नाही ते हिनं केर काढता काढता सांगून टाकलं.

आमच्या कंपनीत टेबलावर कॉम्प्युटरचा जो डबा दिसतो त्यात तसं काहीच नसतं. निपाणी, चिकोडी, बेळगाव मिळून दोनशे माणसं सकाळी नाव आणि पासवर्ड टाकतात. प्रत्येकाचा कॉम्प्युटर मागच्या थंड खोलीतल्या मोठ्या मशीनवर चालतो आणि टेबलावर येतं ते त्याचं नुसतं चित्र. कुणाचं काही अडलं की आम्ही आमच्या खुर्चीवरूनच त्याचा स्क्रीन उघडतो, माउस हलवतो, दुरुस्त करतो. पूर्वी त्याआधी समोरच्याला सूचना जायची : तुमचा स्क्रीन बघू का, हो की नाही? लोक उत्तर न देता चहाला जायचे आणि काम अडून राहायचं. म्हणून आमचे साहेब, नागेंद्र सर, मला म्हणाले होते, "काढून टाक ती ब्याद." मी काढली. त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

म्हणजे आता कुणाचाही स्क्रीन कुणाला न कळता बघता येत होता. मात्र कुणी, कुणाचा, कधी, किती वेळ बघितला हे मशीन आपोआप लिहून ठेवतं. ती यादी कुणी वाचत नाही. मीही त्या दिवशीच पहिल्यांदा वाचली.

दर मंगळवारी आणि बुधवारी तीस-चाळीस स्क्रीन उघडलेले होते. कुणाचीही तक्रार आलेली नव्हती. उघडणारा एकच : नागेंद्र सर. काल शेडच्या कोपऱ्यात हात जोडून उभे होते तेच. परशराम, नऊ मिनिटं. आणि डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा बेचाळीसला, दिपाली. चौदा मिनिटं.

चौदा मिनिटं ती बिचारी एकेक अक्षर शोधून ‘छातीत गाठ दुखत नाही’ असं टाइप करत होती आणि वरच्या मजल्यावर हा सद्‌गृहस्थ ते वाचत बसला होता.

खरं तर तेव्हाच मी ती यादी दिपालीच्या हातात द्यायला हवी होती. दिली नाही. वाटलं, नुसत्या कागदावर विश्वास ठेवील का ही? आप्पांना सगळ्यांसमोर पकडू, म्हणजे हिच्याबरोबर गावही शहाणं होईल. हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण असं की मला तमाशा हवा होता. त्या मिशांची फजिती मला डोळ्यांनी बघायची होती.

मी माझ्या स्क्रीनवर एक पत्र लिहून उघडं ठेवलं. ‘दादा, दुबईला गेल्यापासून तुझा फोन नाही. आई रोज दाराशी बसते.’ मला भाऊ नाही. मी एकुलती एक. नागेंद्र सरांनी सात वर्षांत माझ्या घरी कोण असतं हे कधी विचारलं नव्हतं, ते आता कामाला येणार होतं. पण त्या आठवड्यात सर बेळगावच्या ऑफिसात अडकले आणि तो गुरुवार फुकट गेला. मी पुढच्या गुरुवारची वाट बघत बसले. दिपाली रोज सकाळी अंगारा लावून येत होती.

दहाव्या गुरुवारी आप्पांसमोर जाऊन बसले. मागं दिपाली, परशराम, रुक्माबाई आणि दीडदोनशे माणसं. आप्पांनी डोळे मिटले.

"समुद्र दिसतुया," ते म्हणाले. "लई लांब. येक भाऊ हाय तुजा. फोन न्हाय त्येचा. आई दारात बसती. काळजी करू नगंस पोरी, भाऊ सुखात हाय. पाच गुरुवारांत फोन ईल."

शेड हुंकारली. मी उठून उभी राहिले. "आप्पा, मला भाऊ नाही. आईला मी एकटी. ते पत्र मी खोटं लिहिलं होतं, माझ्या कॉम्प्युटरवर, फक्त तुमच्यासाठी. काल दुपारी नागेंद्र सरांनी सहा मिनिटं ते वाचलं, ही बघा यादी. तुम्हाला मनं दिसत नाहीत, तुम्हाला चिठ्ठ्या मिळतात!"

मला वाटलं, जिंकले. आप्पांच्या तोंडाला खरोखर कोरड पडली होती. त्यांनी नागेंद्र सरांकडं बघितलं. सर कोपऱ्यात उभे होते, घामाघूम.

"मी कुणाचं वाईट केलं?" सर म्हणाले. आवाज रडवेला होता. "आप्पा म्हणाले, भक्ताचं दुःख आधी कळलं तर जप आधी सुरू करता येतो. मी फक्त कळवत होतो."

"देवाला कळवावं लागतं होय, सर?"

"त्यांना दिसतंच. पण गर्दीत गडबड होते."

मला हसू आलं. दुसरं कुणीच हसलं नाही. आणि तेवढ्यात परशराम, तोच शांत माणूस, हात जोडून म्हणाला, "आप्पांनी तुजी परीक्षा घेतली पोरी. खोटं लिवलंस, म्हणून खोटंच उत्तर दिलं. बघा, केवढा मोठा माणूस!"

"व्हय की!" गर्दीतून आवाज आले. "आन् नागेंद्र सायबांच्या मनात ही बुद्धी घातली कुणी? आप्पांनीच!"

आप्पांना तोवर धीर आला होता. त्यांनी हात वर केला, डोळे मिटले आणि पुन्हा आई झाले. मला दोन बायकांनी दंडाला धरून बाहेर काढलं. रुक्माबाई तेवढी माझ्यामागं आली, माझ्या चपला घेऊन.

दिपाली आधीच बाहेर येऊन रस्त्यावर मोरीच्या कठड्यावर बसली होती. यादी तिच्या हातात दिली. तिनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. अकरा बेचाळीस, चौदा मिनिटं.

"म्हंजे माझ्याच बोटांनी लिवलेलं मला वाचून दाखवलं," ती म्हणाली. "आन् मी पाया पडले."

"चल, आत्ताच बेळगावला जाऊ."

"तुला हे कवा कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "आज चौदावा दिवस."

"चौदा दिवस," ती म्हणाली. "आन् मला आज सांगतीस?"

ती रागावलीसुद्धा नाही, हेच मला सोसवलं नाही.

बेळगावला गेलो. सुई टोचली, रिपोर्ट आले. गाठ आता लिंबाएवढी होती, काखेत उतरली होती आणि यकृतावरही डाग होते. डॉक्टर म्हणाले, आता बरं करणं नाही, जमेल तेवढं लांबवणं. मी मागं थांबून एकटीनं त्यांना विचारलं, डिसेंबरात आलो असतो तर? ‘बराच फरक पडला असता.’ आणि चौदा दिवसांपूर्वी? ‘ते सांगता येत नाही.’ त्या उत्तरानं माझी झोप गेली ती गेलीच.

पुढं काय झालं तेही सांगते. कंपनीचे मालक आप्पांचे भक्त निघाले. नागेंद्र सरांना समज दिली; मला ऑफिसातले गुप्त कागद बाहेर दाखवले म्हणून नोटीस मिळाली. स्क्रीन बघण्याआधीची सूचना आता पुन्हा येते, आणि लोक न वाचता ‘हो’ दाबतात. आप्पांची गर्दी दुप्पट झाली. आता शेडच्या दारात फॉर्म भरून घेतात : नाव, गाव, अडचण. माणसं स्वतःच्या हातानं अडचण लिहून देतात, आत जातात आणि आप्पांनी तीच सांगितली की ढसाढसा रडतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

दर गुरुवारी मी त्या रस्त्यावर उभी राहते. रांगेतल्या बायकांना एकच गोष्ट सांगते. बायांनो, आप्पांना कसं कळलं हे कोडं तुम्हाला सुटलं नाही तरी चालेल. मलाही एका झाडणाऱ्या बाईनं सोडवून दिलं. आपल्याला कारण सापडलं नाही म्हणजे तिथं देव आहे असं होत नाही. आपल्याला अजून माहीत नाही, एवढंच. पण कोडं सुटेपर्यंत गाठ थांबत नाही. आधी दवाखान्यात जा, बाकीचं नंतर बघू.

गेल्या गुरुवारी कणकुंबीकडची एक बाई होती, दोन गाड्या बदलून आलेली. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मानेवरची गाठ मला हात लावून दाखवली. म्हणाली, "तुमचं पटतंय आक्का. खरंच पटतंय. एवढा गुरुवार हू द्या, मग जाते."

आणि फॉर्म घेऊन आत गेली.