बड्या दिनाचं पन्हं

आमच्या घरात दारूचा थेंब काय, दारूचा शब्दही चालत नसे. पडशावर कोणी ब्रँडीचे दोन थेंब सुचवले, तर सासूबाई त्या माणसाला फाटकापर्यंत पोचवून येत. अशा घरात माझ्या नवऱ्यानं, रुपरावांनी, बड्या दिनाच्या, म्हणजे नाताळच्या, संध्याकाळी आपल्या इंजिनियर साहेबाला आणि त्याच्या मडमेला बोलावून ठेवलं, आणि वर मला सांगितलं, "साहेबाले पंच लागते."

पंच म्हणजे काय, तर फळं, साखर, मसाला आणि वाइन असं सगळं एकत्र मुरवून करतात म्हणे. मी कपाळाला हात लावला.

"अन् हे करन कोन? मी?"

"दादा करते ना," रुपराव म्हणाले, जणू खिचडीच टाकायची होती.

दादा म्हणजे माझे भासरे, थोरले दीर, वामनराव. कामठीच्या छावणीत गोऱ्या अफसरांच्या मेसमध्ये ते कोठी सांभाळत. स्वतः सुपारीच्या खांडालाही शिवत नसत, पण कोठीत बाटल्या होत्या आणि त्या काढून देणं हे त्यांचं काम होतं. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ते आले, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे जिजाबाईंनी, पुड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ज्या हातानं तू गोऱ्यायले दारू देतं, त्या हातचं पानी मी मरेपर्यंत पेनार नाही," म्हणाल्या. माळकरी बाई. बोलल्या ते बोलल्या.

तेव्हापासून भासरे सणावाराला येत, ओसरीवर बसत, आईच्या हातचं जेवून जात. आई मात्र त्यांच्या हातचं काही घेत नसे. एकदा वैशाखातल्या उन्हातून सासूबाई घरी आल्या आणि भासऱ्यांनी पाण्याचा गडवा पुढे केला, तर बाई तशाच तहानलेल्या विहिरीवर गेल्या आणि स्वतः पोहरा ओढून प्यायल्या. गडवा धरलेला तो हात मी पाहिला आहे. मला असा संताप आला होता! लेकराच्या हातचं पाणी पिऊ देत नाही ती कसली माळ? पण सुनेचा संताप चुलीत जातो.

तर रुपरावांनी आदल्या दिवशीच आईला युक्तीनं कळमेश्वरला मनकर्णावन्संकडे, म्हणजे आपल्या बहिणीकडे, पाठवून दिलं आणि सकाळीच भासरे कामठीहून टांग्यानं आले. संत्री, डाळिंबं, खडीसाखर आणि पोतडीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. मागच्या ओसरीवर पाट घेतला आणि माझ्याकडून नव्या कल्हईचं पातेलं मागितलं. "कल्हई पाहून दे बाई, आंबट कळकते," म्हणाले.

आमच्याकडे संत्रं म्हटलं की अंगठा खुपसायचा आणि सोलायचं. भासरे सुरीनं सोलत. देठापासून बुडापर्यंत सालाची एकच लांब फीत काढत, मध्ये कुठे तुटू देत नसत. लहानपणापासूनची खोड म्हणे. त्या फिती पातेल्यात सोडल्या, रस पिळला, डाळिंबाचे दाणे टाकले, लवंगा-दालचिनीचं पाणी उकळून गार करून ओतलं आणि शेवटी तोंड वळवून, श्वास रोखून, ती लाल वाइन. चाखलं कोणीच नाही. ते चाखणार नव्हते आणि मी तर मेले तरी चाखलं नसतं.

"आमची पल्टन सरहद्दीवर चालली," फडक्यानं हात पुसत ते एकदम म्हणाले. "कोठीवाले बी संगं. संक्रांतीच्या आधी निंघा लागते."

मी पदर सावरला. भासऱ्यांशी फार बोलायची रीत नव्हती.

"वापस येईन तवा माय राह्यते का नाही, कोनाले माहीत. एक घोट पेली असती माह्या हातचा, तं सुखानं गेलो असतो."

मला भडभडून आलं. ते बर्फ आणायला सदर बाजारात निघून गेले आणि जाताना बजावून गेले, "पातेलं इथंच राहू दे. आत नेऊ नको."

आता माझं शहाणपण ऐका. ते गेले आणि पेरूच्या झाडावर वांदरं उतरली. मी पातेलं उचललं आणि सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, ओट्यावर, देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर. दुसरी सुरक्षित जागा त्या घरात नव्हती. आमच्या घरची रीत अशी, की स्वयंपाकघरात जे तयार होईल ते आधी देवाला, मग माणसाला. सासूबाई घरी नाहीत तर नैवेद्य दाखवणार कोण, असं मनाशी म्हणून मी पुढच्या खोलीत टेबलावर चादर अंथरायला गेले.

चादरीची सुरकुती काढत होते आणि घंटा वाजली. देव्हाऱ्यातली घंटा!

चादर तशीच सोडली. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मग धावले, अडखळले, दाराची चौकट धरली.

सासूबाई मागच्या दारानं कधीच्या परतून देवापुढे बसल्या होत्या. प्रवासाचं लुगडं बदललेलं, केस ओले. पुढ्यात पाण्याचं मंडल, मंडलावर चांदीची वाटी, वाटीत ते लालभडक पन्हं, वर तुळशीचं पान आणि वाटीच्या काठावरून लोंबणारी संत्र्याच्या सालाची फीत. डोळे मिटून त्या बाळकृष्णाला नैवेद्य दाखवत होत्या. दारूचा!

"मामी!" मी सासूबाईंना हाक मारली असं मला वाटलं, पण ती तोंडाबाहेर पडलीच नाही. त्यांनी डोळे उघडले, नमस्कार केला आणि वाटी उचलून तोंडाला लावली. एक घोट. थांबल्या. मग दुसरा. मग सगळी वाटी.

तेवढ्यात माझ्यामागे रुपराव येऊन उभे राहिले. त्यांनी पातेलं पाहिलं, वाटी पाहिली, आईच्या ओठांवरचा लाल ओलावा पाहिला आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसले. एवढा मोठा गडी असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मीच पुढे झाले. पाप माझं होतं, मीच पातेलं आत आणलं होतं. त्यांचे पाय धरले आणि रडत रडत सगळं ओकले. मामी, ते पन्हं नव्हतं, त्यात दारू होती, मले शिक्षा करा, माहेरी धाडा, पण तुमची माळ…

आणि तेव्हा मला दिसलं. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. तुळशीची, अंघोळीलाही न उतरणारी माळ. ती देवाजवळ ताम्हनात काढून ठेवलेली होती.

"उठ वं," सासूबाई म्हणाल्या. "दारू पेली तं माळ बाटते, म्हनून काढून ठेवली."

रुपरावांच्या तोंडून "माय?" एवढंच निघालं.

"नाक हाये मले. उंबऱ्यातच समजलं काय शिजून राहिलं ते. अन् साल पाह्यलं तवा कोनाचा हात ते बी समजलं." त्यांनी वाटीतली फीत बोटावर गुंडाळली. "पल्टन चालली हे मनकर्णानं सांगतलं. रात्रभर डोळा नाही लागला. बोलून बसली मी, त्याच्या हातचं पेनार नाही. शब्द मोडाव कसा? पन देवाले दाखवलं का ते कोनाच्या हातचं राह्यत नाही. परसाद होते. परसाद नाही म्हनता येते का?"

मला वाटत होतं, मी या बाईला ओळखते. इतकी वर्षं एका चुलीवर राहून मला काडीचंही कळलं नव्हतं.

मागच्या दारात भासरे उभे होते, खांद्यावर भुसा लागलेलं बर्फाचं पोतं. किती वेळ उभे होते देव जाणे. सासूबाईंनी मान वळवली.

"लवंग जास्त झाली गा, वामन्या."

पोतं खांद्यावरून सुटलं आणि धाडकन पायरीवर आपटलं. ते आईकडे पाहत होते, रिकाम्या वाटीकडे पाहत होते, पुन्हा आईकडे.

"ये आत."

"माय, माह्ये हात…"

"ये म्हनते ना."

ते आले. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडला. सासूबाईंनी ताम्हनातली माळ उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"घाल माह्या गळ्यात."

"थांब, हात धुऊन येतो. सकाळपासून बाटल्याच…"

"धुवू नको," त्या म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर मागे सारून त्यांनी मान पुढे केली. "तसेच राहू दे हात."

भासऱ्यांनी त्या हातांनी माळ घातली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून असे रडले, की फाटकाशी वाजलेला साहेबाच्या मोटारीचा भोंगा आमच्यापैकी कोणालाच ऐकू आला नाही.