तीन गाठींचं पाणी

"हा घ्या तुमचा शेंदरी!" मास्तरांनी तो आमिषाचा खोटा मासा काउंटरच्या काचेवर आपटला. "चार तास पाण्यात फिरवला. तलावातले मासे जवळ यायचे, बघायचे आणि हसत परत जायचे."

"हसताना दिसले तुम्हाला?" काकांनी विचारलं.

"स्वच्छ दिसले! तेच तर सांगतोय. पाणी आरशासारखं आहे आणि तुम्ही फळ्यावर लिहिता, गढूळ!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी शेंदरी मासा उचलला, पोटाखालचे गळ बोटाने चाचपले आणि म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात मास्तर. पाणी नकाशात निळंच असतं."

"बघा, बघा! विषय कुठे नेतात!"

हे भांडण अकरा वर्षं चालू होतं. दर रविवारी, निवृत्तीनंतरचा नेम असावा तसं. काकांनी चंदेरी म्हटलं की मास्तर फिका निळा म्हणायचे. काका निळ्यावर आले की मास्तर चंदेरीची बाजू घ्यायचे. मग तासाभराने काकांनी दिलेला मासाच घेऊन जायचे, दार धाडकन आपटून.

दुकान तलावाच्या धक्क्याला लागून होतं. त्यात गळ टाकणाऱ्यांना लागणारं सगळं मिळायचं, पण त्याचं नाव झालं होतं ते मागच्या भिंतीमुळे. त्या भिंतीवर खणाखणांत तीनशे खोटे मासे होते आणि कुठल्या पाण्याला, कुठल्या आभाळाला कुठला रंग, ते काका सांगायचे. मालक वेगळे, काका एकतीस वर्षांपासूनचे नोकर. रोज सकाळी सातला ते धक्क्याच्या टोकाला जायचे आणि दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडायचे. दोरीला हात-हात अंतरावर गाठी. ताटली दिसेनाशी होईल तिथली गाठ मोजायची, वर आभाळ बघायचं, आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहायचं: 'पाणी सात गाठी. कडक ऊन. चंदेरी किंवा फिका निळा.' पाणी नितळ असेल तर मासा संशयी असतो, त्याच्यापुढे भडक रंग नाचवायचा नाही. गढूळ असेल तर त्याला काही दिसतच नाही, मग पोपटी, शेंदरी, डोळ्यांत घुसेल असं काहीतरी. काळा संध्याकाळचा. आणि लाल खोल पाण्यात न्यायचाच नाही, तो सगळ्यांत आधी विझतो. काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पुस्तकात असतं तर मास्तरांनी आधीच सांगितलं असतं.

या वर्षी सात गाठींच्या पाच झाल्या. पाचाच्या चार. आता तीन.

काकांना कारण ठाऊक होतं. वरच्या अंगाला दगडाची खाण होती आणि खाणवाला धुतलेली माती ओढ्यात सोडत होता. दुसरं काय असणार? त्यांनी अर्ज लिहिला, गिऱ्हाइकांच्या सव्वीस सह्या घेतल्या आणि नगरपालिकेत दिला. मास्तरांनी सही केली नाही. एक माणूस येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेला आणि पाणी स्वच्छ असल्याचं पत्र आलं.

"खाल्ले असणार पैसे," काका घरी म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. तो बशीच्या शेजारी पडला.

"बशी इकडे आहे," काकू म्हणाल्या.

"टेबल कलतं आहे हे."

काकूंनी फडका आणला. टेबल बावीस वर्षं तिथंच होतं. या महिन्यात ते चौथ्यांदा कललं होतं.

दुसऱ्या दिवशी काका निघाले तशा त्याही चपला घालू लागल्या.

"तू कुठे?"

"येते तुमच्याबरोबर. हवा खायला."

"धक्क्यावर कसली हवा?"

"का? तिथल्या हवेला तिकीट आहे?"

धक्क्याच्या टोकाला काकांनी ताटली सोडली. दोरी त्यांच्या बोटांतून सरकत होती. "एक... दोन... तीन. गेली. बघितलंस? काय करून ठेवलंय पाण्याचं!"

काकू वाकल्या. खाली ताटली दिसत होती. तिच्या कडेचा निळा पट्टा दिसत होता. जिथे मुलामा उडाला होता तो नखाएवढा काळा डागसुद्धा. एक बोटभर मासा येऊन ताटलीला तोंड लावून गेला.

त्यांना 'हो' म्हणता आलं असतं.

"अजून सोडा," त्या म्हणाल्या.

"कशाला? दिसत नाही म्हटलं ना."

"सोडा हो."

चार. पाच. सहा.

"दिसतेय."

"चेष्टा करू नकोस."

"सकाळी सातला मी चेष्टा केल्येय कधी?"

सातव्या गाठीला ताटली पांढरट ठिपका झाली आणि मग नाहीशी झाली. काकांनी ती ओढून घेतली, शर्टाला पुसली, पुन्हा सोडली. एक, दोन, तीन. तिथे ते थांबले. मग खाली बसले, पाय पाण्यावर सोडून, लहान मुलासारखे.

"म्हणजे खाणवाल्याने..."

"त्याने काही केलेलं नाही, अहो."

"आठ महिने शिव्या घातल्या मी त्याला."

"त्याला कुठे ऐकू आल्या?" काकू म्हणाल्या, आणि काकांच्या हातातली ओली दोरी सोडवून घेऊ लागल्या. ती त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरणीने दोन दिवस तपासण्या केल्या. डोळ्यामागची नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाली. आहे ती टिकवायला थेंब, सकाळ-संध्याकाळ.

"आणि रंग?"

"ते फिके होत जातील." ती म्हणाली. "लवकर यायला हवं होतं, काका."

"हो, चुकलंच," काका म्हणाले. बस चुकल्याबद्दल वाहतूक खात्याची माफी मागावी तसे. "मी पाण्यावर संशय घेत बसलो."

आता सकाळी दोघं धक्क्यावर जात. गाठी काकू मोजत. आभाळ काका गालांवर मोजत. ऊन किती, ढग किती, हे त्यांना अजून कळत होतं. रंग तेच सांगायचे, फळ्यावर काकू लिहायच्या, गोल गोल अक्षरात. पहिल्याच आठवड्यात लोकांना मासे लागू लागले. थेंब मात्र काही करत नव्हते. महिन्याने पोपटी आणि पिवळा एक झाले. मग चंदेरी आणि राखाडी. खणांच्या जागा पाठ होत्या म्हणून हात चुकत नव्हता. तो चुकला असता तर बरं, असं काकूंना कधी कधी वाटायचं. गिऱ्हाइकं निदान ओरडली तरी असती. आता ती काकांशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागली होती, कान गेल्यासारखी.

रविवारी मास्तर आले. बाहेर ऊन रणरणत होतं, फळ्यावर सात गाठी लिहिलेल्या होत्या.

"नमस्कार काका."

अकरा वर्षांत त्यांनी नमस्कार केला नव्हता.

"बोला मास्तर."

"तुम्ही बोला. आज काय नेऊ?"

काकांनी दारातल्या उन्हाकडे गाल वळवला. मग म्हणाले, "काळा."

भर दुपारी, नितळ पाण्यात, काळा. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा हातात गळ धरलेला माणूससुद्धा खो खो हसला असता. काकांनी काळा काढून काचेवर ठेवला, दोन्ही हात काउंटरवर टेकवले आणि मान थोडी पुढे केली. ते वाट बघत होते.

मास्तरांनी घसा साफ केला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय म्हणजे काळाच."

"बाहेर ऊन आहे ना, मास्तर?"

"आहे. थोडंसं आहे."

काकांनी मान हलवली. काळा उचलून त्याच्या खणात ठेवला. तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या खणात हात घातला, शेपटी चाचपून पाहिली आणि चंदेरी मासा कागदात नीट गुंडाळून पुढे केला.

"हा न्या."

"हेही बरोबर," मास्तर म्हणाले. पुडी खिशात ठेवून ते गेले, आणि जाताना त्यांनी दार दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता लावून घेतलं.