जावई कुणाचं ऐकतो

आमच्या घरात ह्यांचं ऐकणारा एकच जीव आहे, आणि तो घोडा आहे. त्याचं नाव मी जावई ठेवलं, कारण खाऊ घातल्याशिवाय तो खूश होत नाही आणि मान राखला नाही की फुगून बसतो. ह्यांचा आवाज मात्र त्याला फार प्रिय. हे स्पर्धांमध्ये माईकवर निवेदन करतात. घरात ‘दिवा बंद करा’ म्हणाले तर मी आणि लेक मोबाइलमधून मानही वर काढत नाही. जावई तसा नाही.

झालं असं, की सरावाच्या वेळी मी ह्यांनाच खुर्ची टाकून बसवायचे आणि स्पर्धेत देतात तशा हाका द्यायला लावायचे. वॉक म्हणजे साधी चाल, ट्रॉट म्हणजे दुडकी, कॅंटर म्हणजे संथ दौड. एक दिवस लक्षात आलं, मी काही करायच्या आतच जावई चाल बदलतोय. मी पाय हलवलेला नसायचा, लगामाला बोट लावलेलं नसायचं, पण ह्यांच्या तोंडून ‘ट्रॉट’ निघालं की महाराज दुडक्या चालीने निघालेच. ही सवय ताबडतोब मोडायची असते, असं कुणीही शिकवणारा सांगेल. मी मोडली नाही. मी काही खुळी नाही.

कारण मी ज्या स्पर्धेत उतरते, तिथे उड्या नसतात आणि घड्याळही नसतं. सगळे स्वार एकाच वेळी रिंगणात गोल फिरतात, परीक्षक मध्यभागी उभं राहून नुसतं बघतात. काही गटांत घोडा कसा चालतो ते बघतात, आमच्या गटात स्वार. पाठ सरळ आहे का, टाच खाली आहे का, हात शांत आहेत का. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वाराने घोड्याला केलेली खूण बघणाऱ्याला दिसता कामा नये. माझी कशी दिसणार? मी करतच नव्हते. परीक्षक माना डोलवायचे आणि पहिला नंबर आमच्या घरी यायचा. माझं चष्म्याचं दुकान आहे. चार लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला बरोबर कळतं.

न पटणारी एकच होती, माझी लेक. ती फिजिओथेरपी शिकते, त्यामुळे कुणाचा कुठला स्नायू काम करतोय आणि कुठला आराम करतोय, हे तिला कपड्यांवरूनही दिसतं. ती जिच्यावर बसते त्या घोडीला मी कटकट म्हणते. जरा काही वाजलं की ही बिथरते. वर्षअखेरच्या मोठ्या स्पर्धेला लेकीला जावई हवा होता.

“आई, तू त्याच्यावर बसतेस. चालवत नाहीस,” एका स्पर्धेच्या सकाळी तबेल्यात खोगीर आवळता आवळता ती म्हणाली. “एवढा चांगला घोडा वाया चाललाय.”

माझा पारा चढला. “आज माझ्या पुढे नंबर काढ आणि घेऊन जा. नाही काढलास, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“ठरलं?”

“ठरलं.”

ठरवताना मला जराही भीती वाटली नाही. लाऊडस्पीकर माझ्या बाजूने होता.

आणि झालंही तसंच. ह्यांचा आवाज रिंगणावर घुमला आणि जावई लोण्यासारखा चालला. परीक्षक बाई बुटक्या, डोक्यावर मोठी टोपी, चेहऱ्यावर काही म्हणून दिसू द्यायच्या नाहीत. पण मी समोरून गेले की त्यांची टोपी माझ्याबरोबर वळत होती. कटकटने दोनदा मान उडवली, तरी लेकीचे हात हलले नाहीत. हे मला आवडलं आणि खुपलंही. शेवटी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि बाईंनी आम्हा दोघींनाच पुढे बोलावलं.

“तुमच्या दोघींत मला ठरवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “घोडे बदला.”

अशी अदलाबदल करायचा परीक्षकाला हक्क असतो, हे मला ठाऊक होतं. पण आजवर कुणी केली नव्हती. त्यात बाईंनी निवेदकाच्या खोलीकडे हात करून ‘गप्प’ अशी खूण केली. आता काय करायचं ते त्या स्वतःच सांगणार होत्या. खांबापर्यंत वॉक, तिथून कॅंटरने एक मोठा गोल, आणि पुन्हा इथे येऊन थांबायचं. आधी लेक, मग मी.

मी उतरून जावयाचा लगाम लेकीच्या हातात दिला. लेक रिकिबीत पाय घालताना हळूच म्हणाली, “याला पाय किती लावू गं?”

खरं सांगायची वेळ होती. मी म्हटलं, “अगदी नावापुरता. बाकी तो समजतो.”

जन्मात पहिल्यांदा पोरीने माझं ऐकलं, आणि तेही नेमकं आजच. खांब आला. तिने नावापुरता पाय लावला. जावयाने दोन्ही कान लाऊडस्पीकरकडे वळवले आणि तो वॉकमध्येच चालत राहिला. खांब मागे पडला. बाईंची टोपी हलली. मला आनंद व्हायला हवा होता. पण लेकीचे कान लाल झालेले दिसले आणि मला स्वतःचाच संताप आला.

मग तिने माझा सल्ला टाकून दिला. नीट बसली, बाहेरची पोटरी जरा मागे नेऊन ठामपणे लावली. जावई दचकलाच. इतक्या वर्षांत पाठीवरून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या क्षणी त्याने पाठ उचलली, मान गोल केली आणि असा कॅंटर धरला की मी बघतच राहिले. तो घोडा मी कधी पाहिलाच नव्हता. माझ्याखाली तो नुसता घरी परतत असायचा.

मग माझी पाळी. कटकट खांबाच्या आधीच चुळबुळायला लागली. मी पाय लावला तो नको तिथे, आणि ती कॅंटरला निघाली ती चुकीच्या पायावर. गोलात आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला लागतो, हिचा बाहेरचा होता. खाली न बघता ते मला कमरेत कळलं. जावयावर असं काही कळायची गरजच पडली नव्हती. मी तिला ट्रॉटवर आणलं, श्वास घेतला आणि पुन्हा विचारलं, या खेपेला नीट. कटकटने बरोबर उत्तर दिलं. अख्खा गोल ती मान न उडवता पळाली आणि मी, एवढी पन्नाशीची बाई, खोगिरात बसून हसत होते.

ह्यांनी निकाल वाचला. पहिली लेक, दुसरी मी.

“विजेती आता मानाची फेरी घेईल,” हे माईकवर म्हणाले. “कॅंटर!”

लेक एका हाताने फीत सावरत मैत्रिणीकडे बघत होती. जावई तिला न विचारता सुटला. ती मागे कलली, सावरली, आणि पळत्या घोड्यावरूनच तिने आधी लाऊडस्पीकरकडे, मग बापाच्या खोलीकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मी ढग बघत होते.

फेरी संपवून ती माझ्या शेजारी येऊन थांबली. “आई! हा बाबांचं ऐकतो!”

“कुणीतरी ऐकायला नको का?”

“आणि तू मला सांगितलंस नावापुरता पाय लाव?”

“सांगितलं. चुकले. पण तू ऐकलंस कशाला?”

तिने डोळे वटारले, पण मग तिला हसू आवरेना. “मी याची सवय मोडणार आहे.”

“मोड. जावई तुझा. कटकट आजपासून माझी, आणि पुढच्या खेपेला तुझी खैर नाही.”

सगळ्यांनी रिंगणाबाहेर जायचं होतं. रांग ह्यांच्या हाकेची वाट बघत उभी होती, जावयाचे कान स्पीकरकडे लागले होते. ह्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. मी कटकटला पोटरी लावली आणि ती निघाली.