देव्हाऱ्यातली पलटणीची गुंडी

मी एक पितळी गुंडी बोलतेय. हसू नका. तुमच्या शर्टाला असते तसली चार भोकांची नव्हे मी. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्रज कंपनीच्या लढाऊ गलबतावर एका मराठी शिपायाच्या छातीवर मिरवलेय. अंगावर जहाजाचा नांगर कोरलेला, त्याखाली पलटणीचा आकडा. काय तोरा होता माझा!

शिपाई हर्णैकडचा, नाव विठोजी. तापाने गलबतावरच गेला. मी तेव्हा त्याच्या छातीवरच होते, मला कुणी सांगायला नको. सोबत्यांनी त्याला नुसत्या सदऱ्यावर समुद्रात सोडला आणि कोट हातोहात घरी पाठवला; निरोप मात्र वाटेतच राहिला. झालं! कोट आला, माणूस नाही, म्हणजे कोट टाकून पळाला, असं गावाने ठरवूनच टाकलं. तेव्हापासून ते पळपुट्यांचं घर.

कोट कसरीने खाल्ला. विठोजीच्या बायकोने मला देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या टाकांशेजारी ठेवलं. रोज सकाळी चिंच, मग रांगोळी, मग मऊ फडकं. सोन्यासारखी चमकायचे. सुखावायचेही, खोटं कशाला बोलू?

राजाराम हे त्याच घरातले, सातव्या पिढीचे. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही. शाळेत पोरं त्यांना 'पळपुट्या' म्हणायची. बहिणीचं लग्न ठरवतानाही तोच शब्द निघाला. विठोजी नोकरीत असताना मेला, एवढी एक ओळ इंग्रजांच्या दप्तरात सापडावी, बाबांना दुसरं काही नको होतं. २००६ साली ते मुलाकडे, यतीनकडे, अमेरिकेत पार्सिपनीला आले ते मला रुमालात बांधूनच.

यतीन आयटीतला. त्याने लंडनच्या दप्तरखान्याला ईमेल केली. उत्तर आलं, की नुसत्या नावाने विठोजी ढिगाने निघतील, पलटणीचा आकडा कळवा. बाबा खूश! आकडा गुंडीवर होता, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं. पण चष्मा लावूनही तो दिसेना. वेस्ट विंडसरला जुन्या लष्करी बटणांचे जाणकार एक म्हातारे गोरे गृहस्थ राहतात, हे यतीनने शोधून काढलं आणि एका शनिवारी आम्हाला ड्राइव्ह करून तिकडे नेलं.

गृहस्थांनी मला भिंगाखाली धरलं, तिरप्या उजेडात फिरवलं. आकडा होता, जागा कळते म्हणाले, पण घासून घासून साफ गेलाय. जुन्या वस्तूवर असला जुलूम केला कुणी, असं त्यांनी जरा चिडूनच विचारलं.

बाबांना इंग्रजी कळत होतं.

"आय डिड," ते म्हणाले. "डेली. सिक्स्टी इयर्स."

तो आकडा मला पाठ आहे हो! माझ्याच अंगावरचा. पण सांगू कशी?

गाडीत यतीन समजूत घालत होता. "बाबा, तुमच्या आधीच्या सगळ्या पिढ्यांनी घासलंय. तुमचा एकट्याचा काय दोष?"

"त्यांना कुणी विचारलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मला विचारलं, आणि मीच पुसून बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी सुनेने, रुचाने, नेहमीसारखी चिंच भिजवून दिली. बाबांनी सगळे देव धुतले. मला उचललं, थोडा वेळ तळहातावर धरलं आणि तशीच बाजूला ठेवली. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. परत जाताना इथेच सोडून गेले. यंदा फेब्रुवारीत फोन आला, बाबा गेले. गावात 'पळपुट्या' हा शब्द आहे तिथेच आहे.

आता मी क्लोजेटमधे झिपलॉकच्या पिशवीत असते. काळी पडलेय. परवा यतीनच्या लेकीला, सावनीला, मी सापडले. हे काय म्हणून तिने इंग्रजीत विचारलं, तर यतीनने पिशवी तिच्या हातून काढून घेतली. "डोन्ट रब इट, बेटा."

अरे, आता कुणासाठी जपतोस मला? जायचं ते गेलं. विठोजी पळाला नव्हता हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि मला ते कधीच सांगता येणार नाही. चिंच भिजव, मला देव्हाऱ्यात ने आणि खुशाल घास. घासून जाईल असं माझ्यावर आता काही उरलेलं नाही. रोज सकाळी घरातल्या कुणाचा तरी हात लागू दे, एवढंच.