मुद्दाम चुकलेली उत्तरं

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये डार्ने फॉन्टेनो जेमतेम अडीच हंगाम टिकला. त्याचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं: किकचा चेंडू हवेत उडाला की जीव खाऊन धावायचं आणि समोरच्या धिप्पाड माणसावर जाऊन आदळायचं. चेंडू त्याच्या हाताला क्वचितच लागला. पण तो टीव्हीवर दिसायचा, आणि ओपलूसास या त्याच्या गावातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेवढं पुरे होतं. ऑक्टोबरात संघाने त्याला नारळ दिला आणि तो लुइझियानाला घरी परतला.

घरी आल्यावर तो विसरायला लागला. गाडी कुठे लावली, आईशी फोनवर काय बोलणं झालं, काही आठवायचं नाही. एकदा गंबोचा रस्सा ढवळता ढवळता त्याला स्वतःच्या मुलीचं नाव आठवेना. क्षणभरच, पण तो ढवळायचा थांबला. ज्यूएल, त्याची बायको, शेजारीच उभी होती. तिने दुसऱ्या दिवशी लाफायेटच्या डॉक्टर गिड्रींची वेळ घेतली आणि संघाकडून त्याचे जुने वैद्यकीय कागदही मागवले.

कागदांचं ऐकून डार्ने धास्तावला. खेळायला घेण्याआधी संघ प्रत्येकाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतो. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि मार्क घसरले तर खेळ बंद. डार्ने नवा होता तेव्हा जुन्या खेळाडूंनी त्याला बाजूला घेतलं होतं. "मठ्ठासारखी उत्तरं दे रे. सुरुवातच तळाला केलीस तर घसरशील कुठे?" डार्ने इमानेइतबारे मठ्ठ झाला. नंतर डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी दरवेळी पास झाला आणि पुन्हा मैदानात उतरला. तिथे याला शहाणपण म्हणायचे. ज्यूएलला यातलं काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टर गिड्रींनी तीच परीक्षा घेतली तेव्हा मात्र त्याने जीव तोडून उत्तरं दिली. शब्द आठवता आठवता त्याची कॉलर घामाने भिजली. गिड्रीबाईंनी जुना आणि आजचा असे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मिस्टर फॉन्टेनो, माझे केस पिकले या कामात. डोकं आपटून हुशार झालेला माणूस आजच पाहिला."

ज्यूएलने त्याच्याकडे वळून पाहिलं. "डार्ने, काय करून ठेवलंयस तू?"

त्याने खाली बघत सगळं सांगून टाकलं. "सगळेच करतात गं."

"सगळ्यांशी लग्न नाही केलं मी."

"भांडण घरी करा," डॉक्टर म्हणाल्या. "जुन्या मार्कांना आता काही अर्थ नाही. मारामुळे काय गेलं, किती गेलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. ती सोय तुम्हीच घालवलीत. पण आजचे मार्क तुमच्या वयाला चांगले आहेत. झोप नाही, काम गेलंय, माणूस तेवढ्यानेही विसरतो. यापुढे डोक्याला मार मात्र नको."

डार्नेला एकदम रडू फुटलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं. ज्यूएलने रागातच त्याच्या हातात रुमाल कोंबला.

परतताना गाडी तीच चालवत होती. वाटेत फोन वाजला. डार्नेचा एजंट, लोनी प्रूइट. डार्ने घरी आल्यापासून याच फोनची वाट बघत होता.

"नशीब काढलंस गड्या," लोनी म्हणाला. "एका संघाचा माणूस जखमी झालाय, तू त्यांना उद्या हवायस. आधी डोक्याची परीक्षा घेतील, पण तिथे काय करायचं हे तुला मी सांगायला नको."

ज्यूएलला सगळं ऐकू येत होतं. 

"मी नाही येत, लोनी."

"डोकंबिकं फिरलंय का तुझं? असा फोन पुन्हा यायचा नाही."

"नको येऊ दे."

"घाई करू नकोस. संध्याकाळी परत विचारतो."

"विचार की," डार्ने म्हणाला. "तेव्हाही नाहीच म्हणेन. आणि आत्ता नाही म्हणालो होतो, हेही माझ्या लक्षात असेल."